वाढपाला उठा: कॅनडात नव्याने आलेल्यांना व्हॉलंटियरिंग का करायला सांगतात

गेल्या रविवारी भाचा पोहे खायला आला होता. ब्रॅम्प्टनला एका बेसमेंटमध्ये आणखी दोघांबरोबर राहतो. पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, घेऊन येऊन त्याला चार महिने झाले. मूळचा नाशिकचा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं क्वालिटीला होता. सध्या एका गोदामात रात्रपाळीला खोकी उचलतो. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता म्हणाला, "मावशी, सेटलमेंट ऑफिसातली बाई म्हणते, व्हॉलंटियरिंग कर. मी इथे कोथिंबिरीची जुडी घेताना दहादा विचार करतो आणि ही म्हणते फुकट काम कर! डोकं ठिकाणावर आहे का तिचं?"

सेटलमेंट ऑफिस म्हणजे सरकारी पैशावर चालणारं मदत केंद्र. नव्या पीआरवाल्यांना इंग्रजीचे वर्ग, मुलांचा शाळाप्रवेश, रेझ्युमे लिहिणं यासाठी तिथे फुकट मदत मिळते. २००९ साली मी ठाण्याहून मिसिसागाला आले तेव्हा अशाच एका ऑफिसातल्या बाईला मनातल्या मनात मीही हेच म्हणाले होते. भाच्याची समजूत घालता घालता दोनदा चहा झाला. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा शिस्तीत लिहिते आहे. टोरोंटोच्या आसपासचं जग मला ठाऊक आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच.

## आधी शब्द नीट समजून घेऊ

व्हॉलंटियरिंगला मराठीत स्वयंसेवा म्हणतात खरं, पण तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे पूरग्रस्तांना धान्य वाटणारी मुलं येतात, नाहीतर वारीच्या वाटेवर पाण्याचे पेले भरणारी माणसं. प्रसंग आला, लोक धावले, प्रसंग सरला, घरी गेले.

इथलं व्हॉलंटियरिंग बरंचसं नोकरीसारखं असतं, फक्त पगार सोडून. फॉर्म भरायचा, छोटीशी मुलाखत द्यायची, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं यांच्यात काम असेल तर पोलिसांकडून दाखला आणायचा. मग ओरिएंटेशन, आणि त्यानंतर ठरलेली शिफ्ट. गुरुवारी सहा ते नऊ म्हणजे गुरुवारी सहा ते नऊ. जमणार नसेल तर आधी कळवायचं. न कळवता दोनदा दांडी मारली की तुमचं नाव यादीतून हळूच गळतं, कोणी रागवतसुद्धा नाही.

आणि ही काही रिकामटेकड्यांची हौस नाही. स्टॅटिस्टिक्स कॅनडा या सरकारी आकडेवारी खात्याच्या २०१८च्या पाहणीत १५ वर्षांवरच्या ४१ टक्के लोकांनी वर्षभरात कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी बिनपगारी काम केलं होतं. म्हणजे १ कोटी २७ लाख माणसं, आणि दर माणशी सरासरी १३१ तास. आठवड्याला अडीच तास झाले. कोविडनंतर हा आकडा बराच खाली आला, त्यामुळे संस्थांना आज हात कमीच पडतात.

सवय शाळेपासून लावतात. ओंटारियोत, म्हणजे टोरोंटो ज्या प्रांतात आहे तिथे, बारावी पास व्हायचं तर नुसते मार्क पुरत नाहीत, ४० तास समाजकार्य केल्याची नोंद लागते. माझ्या मुलीने लायब्ररीत छोट्या मुलांना गोष्टी वाचून दाखवून तास भरले. शेवटचे सहा तास राहिले ते राहिलेच, आणि पदवीदान तोंडावर आल्यावर घरात जी पळापळ झाली तिचे तास धरले असते तर माझेही चाळीस भरले असते.

तर इथे मुलाखतीत कोणी "फावल्या वेळात काय करता?" असं विचारतो तेव्हा व्हॉलंटियरिंग हे त्याच्या दृष्टीने थोरपणाचं लक्षण नसतं. माणूस वस्तीत मिसळलेला आहे की नाही, एवढंच तो त्यातून जोखत असतो.

## पंगत आणि वाढपी

गावाकडचं लग्न आठवा. नवऱ्या मुलाच्या ऑफिसातला मित्र शहरातून आलाय. कोणाला ओळखत नाही. पंगतीत बसला, जेवला, आहेराचं पाकीट दिलं. चांगला पाहुणा. उद्या त्याचा चेहरासुद्धा कोणाला आठवणार नाही.

आता समजा हाच मित्र उठला, बाह्या सरसावल्या आणि मठ्ठ्याची बादली हातात घेतली. पहिल्या पंगतीला चुकेल, डाव्या हाताला वाढायला जाईल, कोणी आजोबा ओरडतील. दुसऱ्या पंगतीला त्याला "अहो मठ्ठेवाले" अशी हाक पडेल. तिसऱ्या पंगतीपर्यंत आचाऱ्याला त्याचं गाव ठाऊक झालेलं असतं, नवऱ्या मुलीच्या काकांनी त्याला कोणाचा कोण ते विचारलेलं असतं, आणि जेवायला तो घरच्यांच्या शेवटच्या पंगतीत बसतो. कोणी त्याची चौकशी समिती नेमली नाही. त्याच्या हातातली बादली बघून लोक आपणहून बोलले.

परक्या देशात पहिली दोनचार वर्षं आपण पंगतीतले पाहुणे असतो. सगळे गोड बोलतात, दार उघडून धरतात, "हाऊ आर यू" म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. वागण्यात खोट काढायला जागा नसते आणि ओळखही होत नाही. त्यात डिसेंबरात पावणेपाचला अंधार पडतो. बादली हातात घेतल्याशिवाय या लोकांशी बोलायला निमित्तच मिळत नाही.

## "कॅनेडियन एक्स्पीरियन्स" नावाचं कोडं

इथे येणाऱ्या प्रत्येकाने हे दोन शब्द ऐकलेत. इथल्या कामाचा अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

कायदा हळूहळू या कोड्याच्या मागे लागलाय. ओंटारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ सालीच धोरण जाहीर केलं की सरसकट कॅनेडियन अनुभव मागणं हा सकृतदर्शनी भेदभावच आहे. इंजिनिअरांना परवाना देणाऱ्या प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारियो या संस्थेने मे २०२३ मध्ये कॅनेडियन अनुभवाची अट काढली. आणि १ जानेवारी २०२६ पासून ओंटारियोत २५ किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहीर जाहिरातीत ही अट घालता येत नाही.

भाचा म्हणाला, "मग सुटला की प्रश्न!" जाहिरातीतले शब्द गेले, बाबा. समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यातली शंका कुठे जाते? त्याची शंका तुझ्या इंजिनिअरिंगबद्दल नसतेच बहुतेक वेळा. हा वेळेवर येईल का, याचं बोलणं आमच्या लोकांना कळेल का, साहेब चुकला तर हा सांगेल की मान डोलावत बसेल, अडलं तर विचारेल का, असल्या बारीकसारीक गोष्टी असतात. त्या पदवीच्या कागदावर दिसत नाहीत.

## मग रेझ्युमेत एक ओळ टाकली की झालं?

नाही. आणि व्हॉलंटियरिंगचे गोडवे गाणारे लोक नेमकं इथेच अर्धवट सांगतात.

फिलिप ओरिओपोलस नावाच्या अर्थतज्ज्ञाने टोरोंटोतल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना हजारो बनावट रेझ्युमे पाठवून पाहिले. मुद्दाम काही गोष्टी बदलायच्या आणि कोणाला बोलावणं येतं ते मोजायचं. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. परदेशी अनुभव असणाऱ्यांना, तसंच भारतीय, पाकिस्तानी, चिनी किंवा ग्रीक वळणाचं नाव असणाऱ्यांना इंग्रजी नाववाल्यांपेक्षा ठळकपणे कमी बोलावणी आली. हे कळल्यावर आपल्याला फार आश्चर्य वाटायचं कारण नाही. पण पुढचा भाग जास्त कामाचा आहे. ज्या रेझ्युमेंत अवांतर उपक्रमांची भरघोस यादी होती, नावाजलेलं कॉलेज होतं, भाषा उत्तम येते असं लिहिलं होतं, त्यांनाही त्या फरकातून सुटका मिळाली नाही. वाचणाऱ्याने ते जमेस धरलंच नाही.

म्हणजे "फूड बँकेत (गरजूंना शिधा देणाऱ्या संस्थेत) स्वयंसेवक" ही ओळ अनोळखी माणसाच्या टेबलावर पडली तर तिचं वजन जवळपास शून्य. व्हॉलंटियरिंगचा उपयोग होतो तो कागदावरून होत नाही. तुम्हाला काम करताना डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस त्यातून मिळतो, आणि उपयोग त्या माणसाचा होतो.

## रेफरन्स: शिक्क्याचं पत्र इथे चालत नाही

आपल्याकडे नोकरी सोडताना एक्स्पीरियन्स लेटर मिळतं. लेटरहेड, गोल शिक्का, खाली वेडीवाकडी सही. मी ठाण्याच्या पतपेढीतलं माझं पत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून प्रत्येक मुलाखतीला नेत असे. एकाही माणसाने ते हातात घेऊन वाचलं नाही.

इथे नोकरी द्यायच्या आधी दोनतीन माणसांची नावं आणि फोन नंबर मागतात. यांना रेफरन्स म्हणतात. मग खरोखर फोन करतात. वेळेवर यायची का, चारचौघांत कशी वागायची, चूक झाली तर काय केलं, पुन्हा कामावर घ्याल का. चाकणच्या साहेबांचा नंबर दिला तर? उन्हाळ्यात इथले दुपारचे साडेचार म्हणजे तिथले रात्रीचे दोन. कोणी तो फोन लावायच्या फंदात पडत नाही. नातेवाईक चालत नाहीत, त्यामुळे मावशीही बाद.

व्हॉलंटियर सुपरवायझर मात्र चालतो. त्याचा नंबर इथला, बोलण्याची ढब इथली, आणि त्याला समोरच्याच्या न विचारलेल्या शंकाही कळतात, कारण दोघे एकाच पाण्यातले. "ती दर मंगळवारी दहा मिनिटं आधी यायची," हे त्याच्या तोंडचं एक वाक्य माझ्या फोल्डरपेक्षा भारी ठरलं.

## डब्यांच्या टेबलापाशी

माझं सांगते. पहिल्यांदा मी जिथे गेले तिथे फसले. फसवलं कोणी नाही, जागाच चुकीची निवडली. एका संस्थेच्या मागच्या खोलीत एकटीने पाकिटांत पत्रकं भरायची. तीन महिने भरली. रोज जाताना "हाय", येताना "बाय". इंग्रजी सुधारलं नाही, ओळख झाली नाही, फक्त पाकिटं चिकटवायचा वेग वाढला.

मग एका फूड बँकेत गेले. फूड बँक म्हणजे ज्यांना किराणा परवडत नाही त्यांना शिधा देणारी संस्था. कॅनडातली पहिली एडमंटनला १९८१ साली निघाली, टोरोंटोतली डेली ब्रेड फूड बँक १९८३ची. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेल्या, अजून चालूच आहेत. इतक्या श्रीमंत देशात शिध्याला रांग लागते हे पाहून पहिल्या दिवशी मी गप्पच झाले होते.

काम होतं डबे निवडायचं. लांब टेबल, भोवती सहासात जणी, मधे केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांत लोकांनी दान केलेले डबे, पाकिटं, बाटल्या. प्रत्येक डबा हातात घेऊन फिरवायचा. मधोमध किरकोळ पोचा असेल तर चालतो. पण कडेच्या शिवणीवर पोचा असेल किंवा झाकण फुगलं असेल तर सरळ कचऱ्यात, कारण आत विषारी जंतू वाढलेले असू शकतात. "बेस्ट बिफोर" उलटून गेलं म्हणून डबा फेकायचा नसतो, ती फक्त चव उत्तम राहण्याची तारीख, हे मला तिथेच कळलं. घरी येऊन फडताळातला निम्मा माल वाचवला.

एकदा हातात आलेल्या डब्यावर "पोआ शीश" असं काहीतरी लिहिलेलं. कुठल्या खोक्यात टाकू म्हणून विचारलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने डबा माझ्या हातातच अर्धा फिरवला. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत "चिकपीज". आपले काबुली चणे! इथे प्रत्येक डब्यावर फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही असतं, तीन महिने राहून मला ते दिसलं नव्हतं. ती बाई एवढी हसली, मीही हसले. मग म्हणाली, तू याचं काय करतेस? मी छोल्यांची कृती सांगितली. टेबल थांबून ऐकत होतं. घरी परत येताना बसमध्ये लक्षात आलं की आज आपण वीस मिनिटं सलग इंग्रजी बोललो आणि एकदाही वाक्य आधी मनात जुळवलं नाही.

ती बाई शाळेतून व्हाइस प्रिन्सिपल म्हणून निवृत्त झालेली, त्या शिफ्टची सुपरवायझर. सात महिन्यांनी तिच्या नणंदेच्या ऑफिसात बिलं चुकती करण्याच्या कामाला माणूस हवा होता. जाहिरात कुठेच नव्हती.

## नणंदेच्या ऑफिसचं शास्त्र

याला योगायोग म्हणून सोडून देऊ नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ साली हेच मांडलं. बोस्टनजवळच्या एका उपनगरात त्यांनी नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, ज्या ओळखीतून नोकरी मिळाली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटतो? नेहमी भेटणारा होता असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांचा माणूस कधीमधी किंवा क्वचित भेटणारा. नमुना लहान होता, पण कल्पना टिकली. अशा ओळखींना आपण पुसट ओळखी म्हणू.

पुसट ओळख घट्ट ओळखीपेक्षा कामाची का? भाच्याच्या बेसमेंटचंच उदाहरण घ्या. तिघंही जिवाला जीव देतील. पण तिघंही एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर, एकाच गोदामात, एकाच एजन्सीमार्फत. एकाला जी जागा ठाऊक तीच तिघांना ठाऊक. एका विहिरीत तिघांनी पोहरे टाकले तरी पाणी तेच. त्या व्हाइस प्रिन्सिपल बाईची विहीर वेगळी होती, आणि तिथपर्यंत माझा दोर कुठल्याही वेबसाइटवरून पोचला नसता.

यातूनच कामाची जागा कशी निवडायची ते निघतं. मॅरेथॉनमध्ये एक दिवस पाण्याचे ग्लास द्यायला मजा येते, टी-शर्टही मिळतो, पण तिथली माणसं पुन्हा भेटत नाहीत. दर आठवड्याला तीच माणसं, समोरासमोर हातांनी काम आणि वर लक्ष ठेवणारा कोणीतरी, एवढं असलेली जागा बघावी. हिशेबातल्या लोकांना मी आणखी एक सांगते. दर वसंतात कमी उत्पन्नाच्या लोकांचे साधे आयकर विवरण फुकट भरून देणारी केंद्रं चालतात. कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी, म्हणजे इथलं आयकर खातं, यासाठी स्वयंसेवकांची नोंदणी करतं. ३० एप्रिलच्या मुदतीआधी महिनाभर तिथे बसलात तर इथली करपद्धत जेवढी कळेल तेवढी कुठल्या कोर्सने कळणार नाही.

## "पण पोट कोण भरणार?"

रास्त प्रश्न. व्हॉलंटियरिंगसाठी गोदामाची शिफ्ट सोडा असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. आधी भाडं, मग बादली. आठवड्याला तीन तास पुरतात. आणि बसचे पैसे खिशातून जाणार हे गृहीत धरा; काही संस्था देतात, मागायला लाजू नका. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला तीन तासही जड जातात हे मला मान्य आहे. पहिले दोन महिने काहीच केलं नाही तरी आभाळ कोसळत नाही.

तीनचार महिने काम करूनही कोणी तुमचं नाव घेऊन हाक मारत नसेल तर जागा बदला. माझ्या पाकिटांच्या खोलीसारखं होऊ देऊ नका.

## "हे फुकट राबवून घेणं नाही का?"

काही ठिकाणी आहे, उघड आहे. रेष सोपी आहे: नफा कोणाचा होतोय ते बघा. फूड बँक, लायब्ररी, हॉस्पिटल, नफ्यासाठी न चालणारा वृद्धाश्रम, गुरुद्वारा, इथे तुमच्या कष्टावर कोणी गब्बर होत नाही. पण एखाद्या हॉटेलचा, दुकानाचा किंवा कन्सल्टन्सीचा मालक म्हणाला, "आधी महिनाभर व्हॉलंटियर म्हणून ये, मग बघू," तर ती स्वयंसेवा नव्हे, पगारचोरी आहे. ओंटारियोत किमान वेतन १ ऑक्टोबर २०२५ला तासाला १७.६० डॉलर झालं, आणि शिकाऊ असणं ही त्यातली पळवाट नाही. "कॅनेडियन एक्स्पीरियन्स मिळवून देतो" म्हणून उलट तुमच्याकडूनच पैसे मागणारे महाभागही आहेत. त्यातले काही मराठीत गोड बोलतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसराही गैरसमज दूर करते. पीआरसाठी अर्ज करताना एक्स्प्रेस एंट्री या गुणांच्या पद्धतीत कामाचा अनुभव मोजतात तो पगारी कामाचाच. व्हॉलंटियरिंगचे हजार तास दाखवले तरी तिथे एक गुण मिळत नाही.

## विद्यार्थी आणि पाहुण्यांनी जपून

हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत "काम" या शब्दाची व्याख्या पगारापुरती नाही. जिथे पगार किंवा कमिशन मिळतं ते काम, आणि इथल्या नागरिकाच्या किंवा पीआरवाल्याच्या रोजगाराशी थेट स्पर्धा करतं तेही काम, पैसे न घेता केलं तरी. म्हणून मुलाकडे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या काकांनी ओळखीच्या दुकानात गल्ल्यावर "नुसतं बसणं" धोक्याचं. विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना बाहेर आठवड्याला २४ तासांचीच मुभा आहे, त्यात असलं बिनपगारी काम धरलं गेलं तर पंचाईत.

एरवी कोणी पगार देऊन करून घेत नाही आणि तुमच्या येण्याच्या मूळ कारणाला जोडून थोडा वेळ केलं जातं, असं काम चालतं. देवस्थानाच्या किंवा धर्मादाय संस्थेच्या समितीवर बसणं, एखाद्या मुलाला मोठ्या भावासारखा आधार देणं, अशी उदाहरणं सरकारी मार्गदर्शनातच आहेत. शंका असेल तर आधी विचारावं. पीआर आणि नागरिकांना हा प्रश्न येत नाही.

## "आपल्याच मंडळात केलं तर?"

जरूर करा. गणपतीत मखर लावायला, दिवाळीत फराळाची पाकिटं भरायला जी माणसं भेटतात तीच आजारपणात डबा आणून देतात. ती घट्ट ओळख, तिची जागा दुसरं काही घेत नाही. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मंडळातल्याच काकूंनी केले, फूड बँकेतल्या बाईने नव्हे.

फक्त एवढंच की पंधरा वर्षं मंडळात राबूनही शेजारच्या घरातल्या माणसाचं नाव ठाऊक नाही, अशी मंडळी मी पाहिली आहेत. मंडळात काम करायचंच तर मखरापेक्षा हॉल मिळवायचं काम मागून घ्या. शहराच्या ऑफिसात अर्ज, कार्यक्रमाचा विमा, किती माणसं बसणार, आरतीच्या ज्योतीने धुराची घंटा वाजली तर काय. हे करणाऱ्याला दोन वर्षांत गावातले निम्मे कारकून नावाने ओळखतात.

मिसिसागाच्या डिक्सी रोडवरचा ओंटारियो खालसा दरबार हा गुरुद्वारा मला या बाबतीत मधला रस्ता वाटतो. लंगरमध्ये कोणीही जेवावं आणि कोणीही भांडी घासायला बसावं. भाचा तिथे जेवायला जातोच. मी विचारलं, कधी पोळ्या लाटल्यास का? म्हणाला, "मावशी, माझ्या पोळीचा नकाशा होतो."

## "सरकारनेच सक्ती केली तर?"

ब्रिटनमधल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या हीच चर्चा असते. तिथल्या गृहमंत्री शबाना महमूद यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की कायमचं राहायचं असेल तर स्थलांतरितांनी समाजासाठी काही केल्याचं दाखवावं, त्यात स्वयंसेवाही आली. नोव्हेंबरमध्ये सविस्तर प्रस्ताव आला: साधारण ५ वर्षांची वाट १० वर्षांची करायची, आणि समाजकार्य केलेल्यांना त्यात सूट देण्याचा विचार करायचा.

मला हे पटत नाही. व्हिसाच्या भीतीने आलेला माणूस तास मोजतो, माणसं जोडत नाही. सुपरवायझरही मग सोबत्याऐवजी सही करणारा कारकून होतो. आणि दोन नोकऱ्या करणाऱ्या नर्सने तास आणायचे कुठून? कॅनडातल्या नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी जे पुस्तक वाचायला देतात त्यातही स्वयंसेवा नागरिकाच्या जबाबदाऱ्यांत लिहिली आहे, पण ती न केल्याने कोणाचं नागरिकत्व अडत नाही. ओंटारियोतली शाळकरी मुलं सक्तीनेच करतात, तेव्हा सक्तीचा काहीच उपयोग नाही असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण सतराव्या वर्षी सहा तास राहिले तर आई ओरडते. चाळिसाव्या वर्षी देश सोडायला लागेल या भीतीची त्याच्याशी बरोबरी होत नाही.

## भाच्याने काय केलं

मी सगळा उपदेश करून त्याला माझ्या जुन्या फूड बँकेचा फॉर्म काढून दिला. दर आठवड्याला तीच शिफ्ट, तीच माणसं. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला आणि स्वतःच वेगळं काहीतरी शोधलं: रिपेअर कॅफे. लोक बिघडलेले टोस्टर, दिवे, शिलाई मशिनं घेऊन येतात आणि स्वयंसेवक ती त्यांच्यासमोर दुरुस्त करतात, फुकट. ही कल्पना २००९ साली अॅमस्टरडॅममध्ये निघाली, टोरोंटोत २०१३ पासून चालते. माझ्या नियमात बसत नाही, कारण दर आठवड्याला तीच माणसं तिथे भेटतील असं नाही. तसं त्याला म्हटलंही.

शनिवारी रात्री त्याचा फोन आला. एका आजीबाईंचा चाळीस वर्षं जुना मिक्सर त्याने उघडला होता, आत कार्बन ब्रश झिजलेले. नाशिकहून आणलेला मल्टिमीटर त्याने बाहेर काढल्यावर शेजारच्या टेबलावरचा निवृत्त गृहस्थ उठून बघायला आला. कुठल्याशा गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला. दोघं तासभर मोजमापाच्या गेजबद्दल बोलत बसले.

"मिक्सर चालू झाला का?" मी विचारलं.

"नाही. ब्रश मागवावे लागतील. आजी पुढच्या वेळी परत येणार आहेत." मग थोडा थांबून म्हणाला, "आणि माझा मल्टिमीटर त्या काकांकडेच राहिलाय."